ब्रदर मथायस यांचा विद्यार्थी



ज्युबिलीच्या या मंगल प्रसंगीं संतचरित्र सोडून एका धंदेवाईक खेळाडूची कथा आम्ही कां सांगतों, असा प्रश्न कित्येकांच्या मनांत येईल. तो खेळाडू संत नव्हता, हें आरंभींच कबूल करतों.

अमेरिकेंतील बाल्टिमोर शहरीं 1895 सालीं जॉर्ज हर्मन रूथ याचा जन्म झाला. पुढें जग त्यास ‘बेब’ रूथ म्हणूं लागलें. बापाचा दारूचा गुत्ता होता. पोरगा रस्त्यावर वाढला. 1902 सालीं, अवघ्या सातव्या वर्षीं, तो सुधारण्यापलीकडे गेला असें ठरून सेंट मेरीज औद्योगिक शाळेंत त्याची रवानगी झाली. ती शाळा झेव्हेरियन ब्रदर्स चालवीत. ज्यांचें पवित्र शरीर आपल्या गोव्यास आहे, त्याच संत फ्रान्सिस झेवियरांचें नांव या धर्मबंधूंच्या संघास आहे. तेथें मुलास सदरे शिवण्याचा धंदा शिकविला.

आणि तेथेंच ब्रदर मथायस भेटले. देह धिप्पाड, सहा फुटांहून बराच उंच. शिस्तीचें काम त्यांजकडे. एका हातानें बॅट धरून ते बेसबॉलचा चेंडू आभाळांत धाडीत आणि मुलें तो झेलण्यास धांवत. रूथ हें डोळे भरून पाही. बेसबॉल हा क्रिकेटच्याच जातीचा खेळ. चेंडू थेट कुंपणापार मारला कीं ‘होम रन’ होतो. मुलगा डावखुरा, हातमोजा मात्र उजव्या हाताच्या खेळाडूचा मिळे. तरी त्यानें निभावलें.

1914 सालीं बाल्टिमोरच्या संघानें त्यास शाळेंतून नेलें, व त्याच वर्षीं तो बोस्टनच्या संघांत गेला. तेथें तो प्रथम चेंडू फेकणारा, आणि उत्तम, होता. परंतु फेकणाऱ्यास दररोज खेळवीत नाहींत. अशी बॅट बसवून ठेवणें संघास परवडेना. म्हणून 1918 पासून त्यास मैदानाच्या दूरच्या भागांत चेंडू अडविण्यास उभें करूं लागले. पुढें न्यूयॉर्कच्या यांकी संघानें एक लाख डॉलर मोजून त्यास घेतलें. 1920 सालीं त्यानें 54 होम रन केले. त्या लीगमधील इतर सात संघांपैकीं कोणत्याही अख्ख्या संघास तितके साधले नाहींत. 1927 सालीं 60. 1935 सालीं निवृत्त होईतों एकंदर 714.

आंकडे पुरेत. 1919 सालीं त्याच्या शाळेस मोठी आग लागली. पुढल्या वर्षीं शाळेच्या मुलांचा बँड यांकी संघाबरोबर गांवोगांव फिरला, आणि रूथच्या नांवावर इमारतीसाठीं पैसा जमला. ब्रदर मथायस यांस त्यानें मोटारही नजर केली.

परंतु खाणें, पिणें आणि रात्रीं भटकणें यांस ताळतंत्र नव्हतें. 1925 सालीं व्यवस्थापकानें त्यास 5000 डॉलर दंड करून संघाबाहेर बसविलें. मग ब्रदरांचे श्रम फुकट गेले काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. आपल्या ओळखीच्या माणसांत ब्रदर मथायस सर्वांत थोर, असें तो अखेरपर्यंत म्हणे.

ब्रदर 1944 सालीं वारले. दोन वर्षांनीं रूथ कर्करोगानें अंथरुणास खिळला. शस्त्रक्रियेपूर्वीं त्यानें याजकास बोलावून पापनिवेदन केलें, असें त्याच्याच नांवें प्रसिद्ध झालेल्या लेखांत आहे. 16 ऑगस्ट 1948 रोजीं तो निवर्तला. न्यूयॉर्कच्या सेंट पॅट्रिक कॅथीड्रलमध्यें त्याचा अंत्यविधि झाला, व शहराबाहेर हॉथोर्न येथें त्यास मूठमाती दिली. त्याच्या थडग्यावरील शिळेंत प्रभु येशूची मूर्ति कोरली आहे. शेजारीं एक लहान मुलगा उभा आहे.