गायकावाचून वृंद

देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने तेराव्या शतकात शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ हा ग्रंथ लिहिला. गीत, वाद्य आणि नृत्त या तिहींना मिळून संगीत म्हणावे, असे त्याने त्यात सांगितले. पण त्याचबरोबर त्या तिहींची उतरंडही लावून दिली. नृत्ताने वाद्याच्या मागून जावे, वाद्याने गीताच्या मागून जावे, आणि अग्रपूजेचा मान गीताला असावा, अशी ती उतरंड आहे. सातशेहून अधिक वर्षे लोटली, तरी महाराष्ट्रातील सामान्य श्रोत्याची मनोधारणा याहून फारशी निराळी नाही. ओवी, अभंग, लावणी, पोवाडा, नाट्यपद, भावगीत हे आपले सारे वैभव शब्दाचे बोट धरूनच घरोघर पोचले. अशा स्थितीत, गायकाच्या आवाजावर आणि रुबाबावर जगणाऱ्या पाश्चात्त्य रॉक संगीतात काही तरुणांनी गायकालाच रजा दिली, ही घटना आपल्याही विचाराला चालना देणारी आहे.

या घटनेचे एक टोक आपल्याच देशात, लखनौला आहे. तेथे १४ ऑक्टोबर १९४० रोजी हॅरी वेब या नावाचा एक मुलगा जन्मला. १९४८ साली त्याचे कुटुंब इंग्लंडला गेले, आणि पुढे दहा वर्षांनी हाच मुलगा क्लिफ रिचर्ड या नावाने तेथील तरुणांच्या गळ्यातील ताईत झाला. त्याच्या साथीला वाजविणाऱ्यांचा जो वृंद होता, त्याचे नाव प्रथम ‘ड्रिफ्टर्स’ असे होते. परंतु अमेरिकेत त्याच नावाचा एक वृंद आधीपासून असल्यामुळे १९५९ साली त्यांनी ‘शॅडोज’, म्हणजे सावल्या, हे नाव घेतले. साथीदारांना याहून समर्पक नाव कोणते असणार? हँक मार्विन मुख्य गिटार वाजवी, ब्रूस वेल्च लयीची गिटार सांभाळी, जेट हॅरिस खर्जाची बाजू धरी आणि टोनी मीहन ड्रम वाजवी. उजेड गायकावर पडावा आणि त्यांनी मागे उभे राहावे, हीच रीत होती.

जुलै १९६० मध्ये या चौघांची ‘अपाची’ ही ध्वनिमुद्रिका निघाली. तिची चाल जेरी लॉर्डन याची. तीत गाणे नाही, शब्द नाही. ऑगस्ट महिन्यात ती इंग्लंडच्या विक्रीच्या यादीत पहिल्या स्थानी गेली आणि पाच आठवडे तेथून हलली नाही. त्या स्थानावरून तिने ज्याला खाली उतरविले, ते गीत खुद्द क्लिफ रिचर्डचेच होते आणि त्याला साथही याच चौघांची होती! सावलीने माणसाच्या पुढे एक पाऊल टाकावे, असा हा प्रकार होता.

हे कसे साधले, हे समजून घेण्यासारखे आहे. विद्युत् गिटारीची तार कंप पावू लागली की तिच्याखालील चुंबकाभोवती गुंडाळलेल्या वेटोळ्यात सूक्ष्म वीजप्रवाह निर्माण होतो. ध्वनिवर्धक तो वाढवितो, आणि नाजूक तारेचा आवाज सभागृह भरून टाकतो. साध्या गिटारीचा स्वर छेडताच विरू लागतो. विद्युत् गिटारीचा स्वर त्या मानाने टिकून राहतो, आणि टिकणारा स्वर मिळाला की वाद्याला गळ्याशी बरोबरी करण्याची उमेद येते. मार्विनच्या गिटारीला घोडीजवळ एक छोटा दांडा होता. तो दाबला असता तारांचा ताण बदलून स्वर किंचित लवत असे. आपल्याकडील मिंडेची आठवण व्हावी, असा. त्याच्या जोडीला प्रतिध्वनीचे यंत्र होते. त्यामुळे प्रत्येक स्वरामागे त्याची पडछाया उमटे आणि चौघांच्या वादनाला एखाद्या मोकळ्या माळरानाचा विस्तार लाभे. शब्दांनी जे चित्र उभे करायचे, ते येथे नादाच्या पोताने उभे केले.

अमेरिकेतही याच सुमारास हीच वाट मळत होती. वॉशिंग्टन राज्यातील टकोमा या गावी १९५८ साली स्थापन झालेल्या ‘व्हेंचर्स’ या वृंदाची ‘वॉक, डोन्ट रन’ ही ध्वनिमुद्रिका १९६० सालीच गाजली. भारतात या दोन्ही वृंदांच्या गती पोचल्या, त्या तबकड्यांतून आणि रेडिओ सिलोनवरून. १९५२ साली नभोवाणीमंत्री झालेले डॉ. बाळकृष्ण केसकर यांनी आकाशवाणीवरील चित्रपटगीतांना आळा घातल्यावर कित्येक श्रोते सिलोनकडे वळले होते. १९५७ साली ‘विविध भारती’ सुरू झाली, तरी ती सवय मोडली नाही. मुंबई, कलकत्ता, मद्रास, बंगलोर येथील होतकरू वृंदांची पहिली शिदोरी बहुधा शॅडोज आणि व्हेंचर्स यांच्या गती हीच असे. याला एक व्यावहारिक कारण होते. इंग्रजी गीत म्हणायचे, तर उच्चार हवे. ‘अपाची’ वाजवायला बोटे आणि कान एवढे पुरे. पुढे इम्पीरियल टोबॅको कंपनीने ‘सिमला’ सिगारेटच्या नावाने बीट वृंदांच्या स्पर्धा भरविल्या. १९७० आणि १९७१ या दोन वर्षांच्या तबकड्या त्या पिढीची साक्ष म्हणून आजही जाणकार जपून ठेवतात.

परंतु सावल्यांचे राज्य अल्पकाळच टिकले. ज्या बीटल्सनी १९६१ साली हँबुर्ग येथे शॅडोजच्या धाटणीची एक निःशब्द गत मुद्रित केली होती, त्याच बीटल्सनी १९६३ पासून गाण्याची अशी लाट आणली, की तीत वाद्यवृंद मागे पडले. वाजविणाराच गाणारा आणि गाणाराच रचणारा, हा नवा आदर्श ठरला. १९६८ च्या अखेरीस शॅडोज विखुरले. ते पुन्हा एकत्र आले आणि १९७५ साली युरोपच्या गीतस्पर्धेत दुसरेही आले. पण तेथे त्यांना गावे लागले.

मग ही वाट कायमची बुजली काय? याचे उत्तर शोधताना बंगळूरच्या कोरमंगला या वस्तीकडे पाहणे उपयोगाचे ठरेल. बंगळूर मराठी माणसाला परके नाही. १६३८ पासून ते शहाजीराजांच्या जहागिरीत होते. शहराच्या आग्नेयेस असलेले कोरमंगला हे मूळचे खेडे. शहर वाढले तशी त्याची आखीव वस्ती झाली. १९९७ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी तेथे क्रीडाग्राम उभे राहिले. २००७ साली ‘फ्लिपकार्ट’सारख्या कंपनीचा आरंभ तेथील एका सदनिकेतून झाला. सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालय तेथेच आहे, आणि जवळच होसूर रस्त्यावर पूर्वीचे ख्राइस्ट महाविद्यालय, म्हणजे आताचे ख्राइस्ट विद्यापीठ, आहे. अशा ठिकाणी देशाच्या कानाकोपऱ्यांतून तरुण येतात. एकाच जिन्यावर कन्नड, तमिळ, तेलुगू, मल्याळम, बंगाली, हिंदी आणि मराठी कानी पडते.

अशा वस्तीत चार वादक जमले की पहिला प्रश्न उभा राहतो, तो भाषेचा. गायचे कोणत्या भाषेत? ख्राइस्ट महाविद्यालयाच्या परिसरातून १९९६ साली पुढे आलेल्या ‘थर्मल अँड अ क्वार्टर’ या वृंदाने इंग्रजीचा मार्ग घेतला आणि तो यशस्वीपणे चालविला. दुसरा मार्ग निःशब्द वादनाचा. बंगळूरच्याच ‘अन्टिल वी लास्ट’ या वृंदाने तो पत्करला; २०१४ साली ‘अर्थगेझिंग’ हे त्यांचे मुद्रण निघाले. अहमदाबादेत २०१३ साली आरंभ झालेल्या ‘अॅजवीकीपसर्चिंग’ने ‘ख्वाब’ (२०१५) आणि ‘झिया’ (२०१७) या संग्रहांत शब्दाला अगदी कडेची जागा दिली. या प्रकाराला ‘पोस्ट-रॉक’ म्हणतात. १९९४ साली सायमन रेनल्ड्स या इंग्रज समीक्षकाने हा शब्द रूढ केला. शॅडोजची गत दोनतीन मिनिटांत आटोपे; येथे मात्र स्वर सावकाश उलगडतो, थरावर थर चढतात आणि दहा मिनिटेही अपुरी वाटतात. आलापीची सवय असलेल्या कानाला हे अनोळखी वाटू नये.

महाराष्ट्रालाही विजेवर चालणारा गायकहीन वृंद परका नाही. मुंबईच्या गणेशविसर्जनातील बँजो पार्टी आठवावी. टंकलेखनयंत्रासारख्या कळांचे ते वाद्य म्हणजे वस्तुतः बुलबुलतरंग. १९१२ साली जपानमधील नागोया येथे निर्माण झालेल्या ‘ताइशोगोतो’चा तो वंशज. ध्वनिवर्धकाला जोडून तो रस्ता दणाणून सोडतो. तथापि येथे एक भेद आहे. बँजोवर चित्रपटगीत वाजते तेव्हा प्रत्येक नाचणाऱ्याच्या मनात त्याचे शब्द तयार असतात. कोरमंगल्याच्या खोलीत एखादा वृंद नवी गत बांधतो, तेव्हा श्रोत्याजवळ असा कोणताच आधार नसतो. मराठी, कन्नड वा बंगाली, सर्वांची पाटी सारखीच कोरी असते.

यावर आक्षेप येईल, आणि तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. शब्द टाळणे म्हणजे भाषेचा प्रश्न सोडविणे नव्हे. ज्या भूमीत राहावयाचे तिची भाषा न शिकण्याची ती पळवाटही ठरू शकेल. शिवाय अन्यायाविरुद्ध पोवाड्याने जे बोलावे, ते गिटारीला बोलता येणार नाही. हे सर्व खरे आहे. निःशब्द संगीताने शेजाऱ्याची भाषा शिकण्याचे ऋण फिटत नाही. मात्र ती भाषा शिकून होईपर्यंत शेजाऱ्याशेजारी बसून एकच गोष्ट ऐकण्याची सोय ते करून देते. निरनिराळ्या प्रांतांतून आलेल्या आणि एका भिंतीआड राहणाऱ्या माणसांना अशा सोयीची गरज आहे, आणि शहरे जसजशी वाढतील तसतशी ती अधिकच भासेल. शार्ङ्गदेवाची उतरंड त्यासाठी मोडावी लागत नाही. वाद्याला केव्हा तरी पुढे चालू द्यावे, एवढेच पुरे.