आज तालीम कुठे आहे?

(ध्वनिमुद्रित भागाचं हे लिखित रूप. बोलताना येणारे 'म्हणजे' आणि 'बघा' थोडे कमी केलेत, बाकी जसं बोललं तसं.)

आज नाटकाबद्दल बोलायचं नाहीये, तालमीबद्दल बोलायचंय. त्यातही तालमीच्या जागेबद्दल. विषय किरकोळ वाटेल, पण ठाण्यापासून कल्याण-डोंबिवलीपर्यंतच्या पट्ट्यात हौशी नाटक करणाऱ्या कुणालाही विचारा. संहिता मिळते. नट मिळतात. लाइट करणारी कॉलेजातली पोरं तर हल्ली इतकी तयार असतात की आपण फक्त बघत राहावं. आणि तरी प्रत्येक ग्रुपच्या व्हॉट्सॲपवर रोज संध्याकाळी सहाच्या सुमाराला एकच मेसेज पडतो : "आज तालीम कुठे आहे?"

आधी घड्याळाचं सांगतो. सीएसएमटीहून साडेसहाची फास्ट मिळाली तर डोंबिवलीला पावणेआठ. घरी जाऊन चार घास खाल्ले तर साडेआठ. न खाता आलं तर वडापाव हातात घेऊन सव्वाआठ. तालीम कागदावर आठची, प्रत्यक्षात नऊची. साडेदहाला बदलापूर-टिटवाळ्याची माणसं घड्याळाकडे बघायला लागतात. म्हणजे हातात दीड तास. दिग्दर्शक बाहेरून कितीही कलावंत दिसला तरी आतून तो रेल्वेचा कंट्रोलर असतो. कुठला प्रवेश आधी घ्यायचा हे नाटकाच्या क्रमावर ठरत नाही, कोण कुठली गाडी पकडणार यावर ठरतं. आमच्याकडे एका नाटकात बापाच्या मृत्यूचा प्रवेश दोन महिने रोज पहिला व्हायचा, कारण बाप अंबरनाथला राहायचा. मेलेला बाप पावणेदहाला सगळ्यांना 'येतो रे' म्हणून निघायचा, आणि त्यानंतर त्याच्या साठीचा कार्यक्रम बसवला जायचा.

रविवार मोकळा, असं बाहेरच्यांना वाटतं. रविवारी मेगाब्लॉक.

आता जागा. मी गेल्या वीस वर्षांत कुठे कुठे तालमी केल्यात ते आठवून बघितलं. शाळेचा वर्ग, देवळाचा हॉल, सोसायटीची गच्ची, रिकामा गाळा, एका मित्राच्या मामाचं फर्निचरचं गोडाऊन, आणि अर्थातच कुणाकुणाची घरं. शाळेच्या वर्गाचे नियम ठरलेले. बाकं सरकवायची, पण होती तशी परत लावायची. फळ्यावरचं पुसायचं नाही. पाण्याचा पिंप वापरायचा नाही. गच्चीवर आवाज चालत नाही, पावसाळ्यात गच्चीच चालत नाही, आणि राज्य नाट्य स्पर्धेची तयारी नेमकी पावसाळ्यात सुरू होते.

एक गोष्ट सांगतो, जी नाटक बघणाऱ्यांच्या फारशी लक्षात येत नाही, पण स्पर्धांना बसणाऱ्यांना ती चटकन कळते. दहा बाय बाराच्या खोलीत बसवलेलं नाटक ओळखू येतं. पडदा उघडतो, समोर तीस-पस्तीस फुटांचा रंगमंच असतो, आणि सगळे नट मधोमध, एकमेकांच्या हाताच्या अंतरावर उभे असतात. दोन्ही बाजूंना लाइट रिकाम्या जागेवर पडत असतो. कोणी रागावून निघून जातो तेव्हा तीनच पावलं टाकतो आणि थांबतो, कारण महिनाभर तिथे कपाट होतं. शरीराला सवय लागलेली असते. प्रयोगाच्या दिवशी सकाळी दिग्दर्शक कितीही ओरडला, 'पसरा, पसरा', तरी तिसऱ्या घंटेनंतर पाय आपोआप कपाटाकडेच जातात. मग परीक्षक लिहितात, 'रंगमंचाचा वापर कमी.' बरोबरच लिहितात. पण ती टीका दिग्दर्शकावर आहे की बांधकामाच्या चौरस फुटाच्या दरावर, हे मला कळलेलं नाही.

आवाजाचंही तेच. मार्च महिन्यात सोसायटीत भांडणाचा प्रवेश मोठ्यानं करता येत नाही, वरच्या मजल्यावर बारावी असते. आम्ही एकदा नवरा-बायकोचं भांडण सबंध महिना कुजबुजत बसवलं. शेवटी ते प्रयोगातही हळू आवाजातच ठेवलं, आणि खरं सांगायचं तर जास्त बोचलं. पण हे नशीब दरवेळी लागत नाही. बहुतेक वेळा कुजबुजत बसवलेलं भांडण तिसऱ्या रांगेच्या मागे ऐकूच जात नाही.

तुम्ही म्हणाल, आपल्याकडे नाट्यगृहं आहेत की. आहेत. ठाण्यात तलावपाळीला गडकरी रंगायतन आहे, १९७८ पासून. घोडबंदरच्या बाजूला डॉ. काशिनाथ घाणेकर नाट्यगृह आहे. कल्याणला आचार्य अत्रे रंगमंदिर, डोंबिवलीला सावित्रीबाई फुले कलामंदिर. मधूनमधून एखादं दुरुस्तीसाठी बंद असतं. गडकरी २०२४-२५ मध्ये बरेच महिने बंद होतं, तेव्हा ठाणेकर प्रेक्षक कसे सैरभैर झाले होते ते आठवत असेल. पण ती प्रयोगाची घरं. तिथे तालमीचा हॉल मिळाला तरी रोज, दोन महिने, रात्री नऊला मिळणं आणि परवडणं ही वेगळी गोष्ट. शिवाय पहिला हक्क व्यावसायिक नाटकांचा असतो, आणि त्यात चूक काही नाही, त्यांचं पोट त्यावर आहे.

ही नावं बघा मात्र. घाणेकर म्हणजे आपल्याला 'रायगडाला जेव्हा जाग येते' मधला संभाजी आठवतो. ते दातांचे डॉक्टर होते. अत्रे पुण्यात कॅम्पातल्या शाळेचे मुख्याध्यापक होते, आणि तेव्हाच नाटकं लिहायला लागले. रत्नाकर मतकरींनी १९७८ पर्यंत वीस वर्षं बँक ऑफ इंडियात नोकरी केली. बालनाट्यं, 'आरण्यक', हे सगळं बँक सांभाळून. नोकरी करून रात्री नाटक करणं हा आपल्याकडे नाइलाज नाही, परंपराच आहे म्हणा ना. प्रश्न एवढाच की नोकरीवरून सुटल्यावर जायचं कुठे.

पूर्वी याचं एक उत्तर होतं, आणि ते उत्तर होतं कारखाना. १९६२ साली एमआयडीसी आली, ठाण्यातली वागळे इस्टेट ही तिची पहिली वसाहत. मग डोंबिवलीची वसाहत झाली. मोठ्या कंपन्यांमध्ये कामगारांचे क्लब होते, कॅन्टीनचे हॉल होते. दुसरी पाळी सुरू झाली की कॅन्टीनची टेबलं भिंतीला लागायची आणि पहिल्या पाळीतली माणसं नाटकाला उभी राहायची. कामगार कल्याण मंडळाच्या नाट्यस्पर्धा होत्या, आजही आहेत, आणि त्यांच्या केंद्रांचे हॉल होते. आमच्या ग्रुपमधले सगळ्यात ज्येष्ठ काका फिटर होते. ते अजून रंगमंचाची लांबी 'अमुक टेबलं' अशी मोजतात. कॅन्टीनच्या चांगल्या चाळीस फुटांत घडलेला माणूस! आज वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी त्यांच्या एंट्रीला सबंध स्टेज भरल्यासारखं वाटतं, त्याचं कारण मला तरी तेच वाटतं.

ते कारखाने बंद झाले किंवा हलले. तिथे काचेची ऑफिसं आली, टॉवर आले. चाळींची अंगणं, वाड्यांचे चौक गेले. टॉवरमध्ये क्लबहाऊस असतं, एसी असतं, आरसे लावलेला झुंबाचा हॉलसुद्धा असतो. पण ते रहिवाशांसाठी. दहा जणांच्या ग्रुपमध्ये त्या टॉवरचा रहिवासी एकच असतो, आणि कमिटी विचारते की बाकीचे नऊ कोण. विचारणं रास्तच आहे. फक्त नाटकाचे लोक नेहमी बाकीचे नऊ असतात.

इथे थोडं लांब जातो. ब्रिटनमध्ये वेल्स नावाचा प्रांत आहे, तिथे पोर्ट टॅलबट म्हणून पोलादाच्या कारखान्याचं गाव आहे. २०११ च्या ईस्टरला नॅशनल थिएटर वेल्स या संस्थेनं तिथे तीन दिवस चालणारं नाटक केलं, 'द पॅशन'. मायकेल शीन हा मोठा नट त्याच गावचा, तो प्रमुख भूमिकेत. ख्रिस्ताच्या शेवटच्या दिवसांची गोष्ट, पण आजच्या पोर्ट टॅलबटमध्ये घडणारी. नाट्यगृह नाहीच. समुद्रकिनारा, रस्ते, कामगारांचा क्लब. सोबत गावातली शेकडो माणसं. त्या संस्थेकडे स्वतःचं नाट्यगृह नव्हतं, आणि ठरवूनच नव्हतं : सगळा देश हाच रंगमंच, अशी त्यांची भूमिका.

हे ऐकलं की आपल्याकडे लगेच कुणीतरी म्हणतं, मग तुम्हीही करा की रस्त्यावर, कशाला हवंय नाट्यगृह? मान्य. नाट्यगृहाशिवाय नाटक होतं. पथनाट्य होतंच की स्टेशनबाहेर. पण रस्त्यावर प्रयोग होतो, तालीम होत नाही. शेकडो माणसांना तीन दिवसांच्या नाटकासाठी उभं करायचं तर त्याआधी त्यांना कितीतरी संध्याकाळी कुठेतरी जमावं लागतं, चुकावं लागतं, हसं करून घ्यावं लागतं. चुकायला भिंती लागतात. पोलादाच्या गावात कामगारांचा क्लब शिल्लक होता, एवढा फरक लक्षात ठेवा.

आणि आपल्याकडेही उदाहरण आहे. मतकरींनी ठाण्यात समता विचार प्रसारक संस्थेबरोबर २०१४ च्या सुमारास 'वंचितांचा रंगमंच' सुरू केला. वस्त्यांमधली मुलं स्वतःच्या जगण्यातले विषय घेऊन, स्वतः नाटुकली उभी करतात, त्यांना नाटकवाले मार्गदर्शन करतात, आणि मग 'नाट्यजल्लोष'मध्ये सगळ्यांचे प्रयोग होतात. मतकरी २०२० च्या मे महिन्यात कोरोनात गेले, पण ते काम पुढे चालू राहिलं. मला त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं हे वाटतं की तालीम मुलांच्या वस्तीशी जोडलेली आहे. नाटकानं मुलांच्या दाराशी जायचं. मुलांनी नाटकासाठी तीन बसा बदलायच्या, असं नाही.

हे महत्त्वाचं का, ते आता सांगतो, कारण आजचा सगळा भाग मी खरं तर यासाठीच करतोय.

काही वर्षांपूर्वी आमची तालीम स्टेशनपासून सात मिनिटांवर एका हॉलमध्ये व्हायची. ग्रुपमध्ये एक मुलगी होती, ऐरोलीला कॉल सेंटरमध्ये कामाला, राहायला कल्याण पूर्वेला. घरून परवानगी साडेदहापर्यंतची. दहाला तालीम सोडायची, दहा-पाचला प्लॅटफॉर्मवर, साडेदहाला घरी. चोख हिशोब. तिची भूमिका मोठी होती, आणि मी बघितलेल्या हौशी नटांमध्ये ती पहिल्या तिनांत येते, हे मी विचार करून बोलतोय. मग तो हॉल गेला, इमारत पुनर्विकासाला गेली. आम्हाला शीळ रोडला लांब आत एक जागा मिळाली. फुकट मिळाली, मोठी होती, सगळे खूश. तिथून रात्री दहाला रिक्षा मिळायला वीस मिनिटं, स्टेशनला यायला अर्धा तास. आम्ही म्हटलं, सोडायला येऊ. दोन आठवडे सोडलंही. पण रोज रात्री वेगवेगळा मुलगा बाइकवर घरी सोडतो, हे तिच्या घरी चालणार नव्हतं, आणि तिला ते दरवेळी समजावत बसायचं नव्हतं. तिनं ग्रुपवर एक ओळ लिहिली, सगळ्यांना शुभेच्छा दिल्या, आणि सोडलं. भूमिका आम्ही दोन पात्रांत वाटून टाकली. नाटकाला बक्षीसही मिळालं. नेपथ्याला.

त्यानंतर मी मोजायला लागलो. आमच्या आणि ओळखीच्या ग्रुपांमध्ये तालीम स्टेशनजवळ असली की संहितेत बायका चार असतात. लांब गेली की दोन. लेखकाला वाटतं आपण सुचेल ते लिहितो. तो जागा बघून लिहीत असतो, त्याला कळत नाही इतकंच. हल्लीच्या एकांकिकांमध्ये पुरुष मित्रांच्या गोष्टी इतक्या का, यावर परिसंवाद होतात. त्या परिसंवादात एकदा तालमीच्या हॉलचा पत्ता विचारून बघा.

मग करायचं काय? मला नवं नाट्यगृह नकोय. कोनशिला, उद्घाटन, हजार खुर्च्या, नंतर एसी बंद, हे सगळं आपण बघितलंय. दोन्ही महापालिकांच्या शाळा आहेत, आणि त्यातल्या कित्येक स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. रात्री तिथे वॉचमन असतोच. प्रत्येक शहरात अशा पाच शाळांचा एकेक हॉल किंवा मोठा वर्ग आठवड्यातून पाच दिवस, आठ ते साडेदहा, नोंदणी केलेल्या हौशी संस्थांना द्या. भाडं घ्या, वॉचमनला जादा पैसे द्या, अनामत ठेवा, बाक मोडलं तर वसूल करा. हौशी माणूस भाड्याला घाबरत नाही. उद्या जागा असेल का, या प्रश्नाला घाबरतो. तुमच्या ओळखीत शाळा समितीवर कोणी असेल, वॉर्डात कोणी ऐकणारं असेल, तर हा भाग त्यांना पाठवा. पत्राचा मसुदा आम्ही तयार केलाय, मागितलात तर देतो.

सध्या आम्ही कुठे आहोत? डोंबिवली पूर्वेला, स्टेशनपासून नऊ मिनिटं, एका कोचिंग क्लासमध्ये. दहावीची शेवटची बॅच पावणेनऊला सुटते, नऊला आम्ही शिरतो. भाडं माफक. सर स्वतः मागच्या बाकावर वह्या तपासत बसतात आणि मधेच मान वर करून म्हणतात, 'तो जरा घाईत रडला.' बहुतेक वेळा त्यांचं बरोबर असतं. अट एकच, बोर्डवरची त्रिकोणमिती पुसायची नाही. नव्या नाटकात चार बायका आहेत. ऐरोलीच्या त्या मुलीला मी मेसेज केलाय, पत्ता आणि स्टेशनपासूनची मिनिटं लिहून. दोन निळ्या खुणा आल्यात. तालीम मंगळवारपासून आहे.