दैवी दया आणि परंपरेचे रक्षण



वसंत ऋतू जसा व्याख्यानांचा, तसाच तो आम्हा ख्रिस्ती लोकांच्या ईस्टरचाही. ईस्टरनंतरचा पहिला रविवार कॅथॉलिक लोक 'दैवी दयेचा रविवार' म्हणून पाळतात. परंतु हा मान त्या रविवारास मिळाला तो २००० साली. तेव्हा उमेळ्यासारख्या वसईच्या जुन्या ख्रिस्ती गावात एखाद्या वृद्धाने विचारले, की वाडवडिलांना ठाऊक नसलेली भक्ती परंपरेत कशी बसावी, तर तो प्रश्न थट्टेवारी नेण्याजोगा नाही. परंपरा राखावयाची म्हणजे नेमके काय राखावयाचे, हेच तो विचारीत असतो.

प्रथम हकीकत पाहू. फॉस्टिना कोवाल्स्का ही पोलंडमधील एका गरीब शेतकऱ्याची मुलगी. शाळा जेमतेम तीन वर्षांची. मठात ती स्वयंपाक, बागकाम आणि दाराची राखण करी. १९३१ च्या फेब्रुवारीत आपणास ख्रिस्ताचे दर्शन झाले व जगाला त्याच्या दयेची आठवण देण्याची आज्ञा झाली, असे तिने लिहून ठेवले. तिचे पापनिवेदन ऐकणारे धर्मगुरू मायकेल सोपोच्को यांनी तिला आधार दिला. १९३४ साली ख्रिस्ताचे चित्र तयार झाले. त्याच्या हृदयापासून दोन किरण निघालेले, एक तांबडा आणि एक फिकट. १९३८ साली, वयाच्या तेहेतिसाव्या वर्षी, फॉस्टिना वारली.

पुढे महायुद्धाच्या धामधुमीत ही भक्ती देशोदेशी पोहोचली. परंतु १९५९ साली रोमच्या धर्मपीठाने फॉस्टिनाने सांगितलेल्या स्वरूपात तिचा प्रसार करण्यास मनाई केली. मूळ कागदपत्रे तपासल्यावर १५ एप्रिल १९७८ रोजी ती मनाई उठली. मध्ये एकोणीस वर्षे गेली. सोपोच्को १९७५ सालीच निवर्तले. मनाई उठलेली त्यांनी पाहिली नाही. तरी त्यांनी वेगळा पंथ काढला नाही, की आपली श्रद्धाही सोडली नाही. २००८ साली ख्रिस्तसभेने त्यांना 'धन्य' म्हणून गौरविले.

आमच्या मते परंपरेचे खरे रक्षण हेच. नवे दिसले की कवटाळणे हे रक्षण नव्हे, आणि नवे दिसले की दार लावणे हेही नव्हे. पारखावे, थांबावे, आणि खरे ठरले तर आपला पूर्वीचा हुकूम मागे घेण्याची लाज बाळगू नये. शिवाय येथे नवे होते तरी किती? माळ जुन्या रोझरीचीच. तिच्यावरची प्रार्थना तेवढी नवी. आणि दयेची शिकवण तर उधळ्या पुत्राच्या दृष्टान्ताइतकी जुनी.

वसईलाही हा अनुभव आहे. व्हॅटिकनच्या परिषदेने १९६३ साली लोकभाषेची वाट मोकळी केली आणि लॅटिन मिस्सेच्या जागी मराठी आली. जुने गेले म्हणून हळहळणारी माणसे सगळीकडेच असतात. परंतु फादर थॉमस स्टीफन्स यांचे मराठी ओवीबद्ध 'क्रिस्तपुराण' १६१६ सालीच गोव्यात छापले गेले होते. म्हणजे देवाची गोष्ट मराठीत सांगणे ही नवी टूम नव्हती. साडेतीनशे वर्षांची आपलीच वाट होती.

आता दयेविषयी. ज्ञानेश्वरांनी पसायदानात दुष्टांचा नाश मागितला नाही, त्यांचे वाकडेपण जावे एवढेच मागितले. ज्याला हे मागणे समजते, त्याला या भक्तीचे मर्म वेगळे सांगावयास नको. मात्र दया ही ओठांवर ठेवण्याची वस्तू नव्हे. दुपारी तीन वाजता माळ ओढावयाची आणि साडेतीनला सख्ख्या भावावर बांधाचा दावा लावण्यासाठी वकिलाकडे जावयाचे, असे झाले तर ती माळ निव्वळ मणी आणि दोरा होय. फॉस्टिनाच्या रोजनिशीतही प्रार्थनेच्या आधी कृती सांगितली आहे.

तेव्हा परंपरा राखू पाहणाऱ्यांस आमचे एवढेच सांगणे आहे, की जुन्या चालीरीतींचा हिशेब अवश्य ठेवा. परंतु ज्या घरात रुसलेल्या भावाला पुन्हा पानावर बसविले जाते, तेथे परंपरा सुरक्षित आहे असे खुशाल समजा.