पत्रावरचा अदृश्य शिक्का



शिवकालीन पत्रे ज्यांनी पाहिली असतील त्यांना ठाऊक आहे की, वर मुद्रा असे आणि मजकूर संपला की मोर्तब. मोर्तबाखाली कोणी ओळ घुसडली तर ती लबाडी उघडी पडे. आज आपल्या मावळातील कामगाराला नोटीस ई-मेलने येते. तिच्यावर शिक्का कोठे असतो?

असतो, पण दिसत नाही. त्याचे नाव डीकेआयएम. त्याचे नियम २००७ साली प्रसिद्ध झाले, २०११ साली सुधारले. पत्त्यातील ॲट या चिन्हापुढचे नाव म्हणजे डोमेन. डोमेनवाला एक गुप्त चावी स्वतःजवळ ठेवतो व तिने पत्रावर सही करतो. तिची जोडीदार चावी तो डीएनएस या जाहीर नोंदवहीत लावतो. चावडीवर शिक्क्याचा नमुना लावला तर लबाड तो कोरून घेईल. या चावीने मात्र सही पडताळता येते, करता येत नाही. मजकुरातला शब्द बदलला की सही जुळत नाही.

एका कारखान्यात जादा कामाच्या मजुरीचे ई-मेल आले आणि महिन्याने व्यवस्थापन म्हणाले, ते आमचे नव्हेच! आमच्यापाशी छापील प्रती होत्या. त्यांवर सही उतरत नाही. सुदैवाने एका कामगाराने मूळ पत्र पुसले नव्हते. जीमेलमध्ये 'शो ओरिजिनल' उघडले. डीकेआयएमपुढे 'पास' आणि शेजारी कंपनीचेच डोमेन!

पण नुसत्या 'पास'वर भुलू नका. एका अक्षराच्या फरकाचे डोमेन ठगही विकत घेतो आणि त्यावर रीतसर सही करतो. सही कोणाच्या डोमेनची, हे अक्षर अक्षर वाचावे. शिवाय पत्र कोणत्या साहेबाने लिहिले, त्यातले खरे किती, हे सही सांगत नाही.

आणखी एक. नोंदवहीतली चावी सिलेक्टर नावाच्या खुणेखाली असते. ती खूण पत्राच्या सहीतच लिहिलेली सापडते. डोमेनवाले चाव्या बदलतात, जुनी नोंद काढतात किंवा चावीची जागा रिकामी ठेवतात. मग जुने पत्र खरे असूनही पडताळता येत नाही. आम्ही त्याच दिवशी मूळ पत्र आणि नोंद, दोन्ही उतरवून ठेवली. पुढे ती चावी बदललीच.