कोरड्या विहिरींचे दप्तर

कोयनानगरला परिषद भरवण्याचे धाडस करणारे संयोजक, घाटाची वळणे सोसून आलेले प्रतिनिधी आणि निवास-भोजनाची काळजी वाहणारे स्थानिक कार्यकर्ते यांचे आभार मानणे हे अध्यक्षपदाचे पहिले कर्तव्य असून ते येथे पार पडले, असे सर्वांनी मानून घ्यावे. भाषणाचा नेमून दिलेला विषय तेल व वायूच्या शोधातील भूशास्त्रज्ञाची कारकीर्द हा आहे आणि त्यात शिक्षण, भरती, बढती व भवितव्य यांचा आढावा अपेक्षित आहे. तो आढावा थोडक्यात उरकावा लागेल, कारण प्रस्तुत वक्त्याच्या मनात बरीच वर्षे साचलेली एक तक्रार मांडण्यास याहून योग्य जागा महाराष्ट्रात दुसरी नाही.

तेल व नैसर्गिक वायू आयोग 1956 साली स्थापन झाला, 1960 साली अंकलेश्वरला तेल लागले आणि फेब्रुवारी 1974 मध्ये ‘सागर सम्राट’ या रिगने, म्हणजे समुद्रात विहीर खोदणाऱ्या यंत्रमंचाने, मुंबईच्या पश्चिमेस सुमारे 160 किलोमीटरवर मुंबई हायचे तेल दाखवले. खाण, पाटबंधारे किंवा अध्यापन एवढ्याच वाटा माहीत असलेल्या पुण्या-नागपूरकडच्या भूशास्त्राच्या विद्यार्थ्यापुढे त्यामुळे एक नवी वाट उघडली. आज एम.एस्सी. आणि भरतीची परीक्षा, त्यानंतर काही वर्षे रिगवर, पुढे भूकंपलहरींच्या सर्वेक्षणातून मिळालेल्या आलेखांचा अर्थ लावण्याचे कार्यालयीन काम आणि शेवटी फायली, असा या कारकिर्दीचा सर्वसाधारण क्रम आहे. ज्याला खडक वाचता येऊ लागला आहे त्याला नेमक्या त्याच वेळी खडकापासून उचलून खुर्चीवर बसवण्याची ही पद्धत कोणाच्या सोयीची आहे, हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवलेला बरा.

या कारकिर्दीतील खरे शिक्षण विहिरीच्या तोंडाशी होते. बिट, म्हणजे खडक फोडणारे पाते, खाली फिरत असताना विहिरीतून सतत खेळवला जाणारा मड, म्हणजे मुद्दाम घोटलेला जड चिखल, फुटलेल्या खडकाचा चुरा वर आणतो. हा चुरा शेकर नावाच्या थरथरत्या चाळणीवर अडतो, आणि तेथून तो उचलून, धुऊन, वाळवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा, आम्लाचा थेंब टाकून चुनखडी आहे की नाही ते ठरवायचे आणि अतिनील दिव्याखाली तेलाची चमक शोधायची, हे विहिरीवरच्या भूशास्त्रज्ञाचे काम होय. चाळणीवरचा चुरा आत्ताच्या खोलीचा नसतो, कारण त्याला वर यायला वेळ लागतो. या वेळेला लॅग म्हणतात, आणि हिशेबाची खात्री नसेल तेव्हा मूठभर तांदूळ पाइपातून सोडून ते चाळणीवर केव्हा येतात हे घड्याळ लावून पाहण्याची जुनी रीत आहे.

सकाळच्या सत्रात दोन पक्षांमध्ये खडाजंगी झाली. सर्व मोजमापे आता क्षणार्धात मुंबईच्या पडद्यावर दिसत असल्यामुळे विहिरीवर माणूस कशाला, असे एका पक्षाचे म्हणणे होते, तर दुसरा पक्ष त्याला नोकऱ्या वाचवण्याच्या भाषेत उत्तर देत होता. हा वाद प्रस्तुत वक्त्याच्या दृष्टीने एका रात्री कायमचा मिटला आहे. त्या रात्री नमुन्यात तेलाची चमक दिसल्याचा निरोप किनाऱ्यावर गेला आणि तेथे पुढच्या चाचणीची तयारीही सुरू झाली. परंतु चमक फार उजळ आणि फार एकसारखी होती, आणि चुरा वेचणाऱ्याने तासाभरापूर्वीच पाइपांच्या आट्यांना वंगण फासणाऱ्या कामगाराची बादली पाहिलेली होती. त्या बादलीतले बोटभर वंगण दिव्याखाली धरताच ते नमुन्याप्रमाणेच चमकले. पडद्यावर चमक दिसते, बादली दिसत नाही.

आता तक्रारीकडे. नव्या प्रदेशात खोदलेल्या बहुतेक विहिरींना तेल लागत नाही. अशा विहिरीला ‘कोरडी’ म्हणतात, सिमेंटने तिचे तोंड बंद करतात आणि तिच्याबरोबर तिच्यावर राबलेल्या माणसाचे कामही बुजवतात. तेल लागले तर सत्कार अनेकांचे होतात, न लागले तर नाव एकट्या भूशास्त्रज्ञाचे येते, ही रड जुनी आहे आणि तिचे दुःख नाही. दुःख दगडांचे आहे. एका कोरड्या विहिरीचे शेकडो नमुने, खोलीचा आकडा घातलेल्या कापडी पिशव्यांत भरून, प्रस्तुत वक्त्याने उमेदवारीच्या काळात एका गोदामात जमा केले होते. काही वर्षांनी शेजारच्या भागात काम निघाले आणि ते नमुने मागितले गेले, तेव्हा पत्र्यातून गळलेल्या पावसाने आकडे पुसले होते, पिशव्या कुजल्या होत्या आणि त्यांतला चुरा अंगणातल्या खड्ड्यांत भरलेला होता. ज्या खोलीवर पुन्हा पोहोचायला रिग, माणसे आणि महिने लागले असते, ती खोली चपलांखाली चुरचुरत होती.

कोरडेपणाचा निकाल किती घाईचा असू शकतो, हे मुंबई हायनेच शिकवले आहे. तेल गाळाच्या खडकांत तयार होते, त्यामुळे त्यांच्या खालचा कठीण पायाखडक, ज्याला रिगवर बेसमेंट म्हणतात, लागला की काम संपले, असाच या धंद्यातला रिवाज होता. मात्र त्याच क्षेत्रात चुनखडीखालच्या तडे गेलेल्या पायाखडकातही पुढे तेल मिळाले. ज्यांनी शेवटच्या पानावर ‘बेसमेंट’ एवढाच शब्द लिहून वही मिटली, त्यांच्या विहिरी पुन्हा वाचायच्या तर दगड हवेत.

कोयनेत नेमके उलटे घडले. कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयात पाणी साठू लागल्यानंतरचे धक्के आणि 11 डिसेंबर 1967 च्या पहाटेचा भूकंप यांची कारणे खोलवर शोधण्यासाठी पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या प्रकल्पात या परिसरात सुमारे दीड किलोमीटरपर्यंतच्या विहिरी घेतल्या गेल्या आणि 2017 साली गोठण्याची विहीर तीन किलोमीटर खोल गेली. रासाटीला सुमारे 933 मीटर बेसाल्ट, म्हणजे आपला काळा कातळ, संपताच थेट ग्रॅनाइटी पायाखडक लागला. मध्ये गाळाचा थर नाही. किल्लारीच्या विहिरीत 338 मीटर बेसाल्टखाली निदान 8 मीटर गाळ सापडला होता, आणि सौराष्ट्रात लोधिकाच्या विहिरीने तर कातळाखाली दडलेले मध्यजीव महाकल्पातील गाळाचे जाड थर दाखवून तेलवाल्यांच्या आशा वाढवल्या. त्या हिशेबाने कोयनेची विहीर कोरडीहून कोरडी. परंतु येथे काम बेसमेंट लागल्यावर सुरू झाले, आणि ‘गाळ नाही’ हाही शोध म्हणून नोंदवला गेला. तेलाच्या धंद्याने हा शिरस्ता उचलला असता तर या भाषणाची गरज पडली नसती.

म्हणून कोरड्या विहिरींच्या जतन केलेल्या नमुन्यांची एक सूची या परिषदेने हाती घ्यावी, अशी सूचना आहे. तिचे स्वरूप, खर्च आणि जबाबदारी यथावकाश ठरेल. निवृत्तांच्या घरी माळ्यावर पडलेल्या वह्यांपासून आरंभ करता येईल. उद्याच्या सहलीत कराडजवळ हजारमाचीच्या प्रयोगशाळेत कोयनेच्या विहिरींतून सलग काढलेले खडकाचे दंडगोल, ज्यांना गाभा म्हणतात, पाहायचे आहेत. तरुण प्रतिनिधींनी कातळ आणि पायाखडक यांचा सांधा पेटीवरची चिठ्ठी न वाचता स्वतः शोधावा. बस सकाळी साडेसातला निघेल आणि भिंग प्रत्येकाने आपापले आणावे, कारण उसने दिलेले भिंग परत आल्याचे प्रस्तुत वक्त्याने संपूर्ण नोकरीत पाहिलेले नाही.