घरीच तर असते मी!

गोष्ट २०२३ सालची. आमच्या कंपनीनं भाड्याची जागा सोडली आणि आम्हा सगळ्यांना घरून काम करायला सांगितलं. मला आनंदच झाला. कोथरूडहून हिंजवडीला जाण्यायेण्यात रोजचे तीन तास मोडत, ते वाचणार होते. दोन वर्षांचा मुलगा डोळ्यांसमोर राहणार होता. आणि खरं सांगायचं तर त्याच संध्याकाळी आणखी एक विचार मनात आला. आता मावशींना एवढा पगार कशाला?

मावशी म्हणजे मुलाला सांभाळणाऱ्या बाई. सकाळी साडेआठ ते संध्याकाळी साडेसहा, आठवड्याचे सहा दिवस, महिना बारा हजार. मी घरीच असणार, मूल काही पूर्णपणे त्यांच्यावर टाकलेलं नाही, जबाबदारी कमी, म्हणून पगारही कमी, असा माझा साधा हिशेब होता. पहिल्या तारखेला मी म्हटलं, "मावशी, आता मी घरीच तर असते. नऊ हजार करू या का?"

मावशी भांडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "मग ताई, मी किती वाजता घरी जायचं?"

मी म्हटलं, वेळ तीच.

त्या जरा वेळ गप्प राहिल्या. मग मुलाचे मोजे घडी करता करता म्हणाल्या, "माझी नात शेजारणीकडं असती. महिन्याला दोन हजार देते मी तिला. ती पण घरीच असती की."

यावर माझ्याजवळ उत्तर नव्हतं. पुढच्या महिन्यात बघू, असं सांगून मी विषय टाळला. पण त्या महिनाभरात, बंद दाराआड बसून, मी पहिल्यांदा त्यांचं काम नीट ऐकलं. हो, ऐकलं, कारण दिसत नव्हतं. आई कामाला गेली की मूल अर्धा तास रडतं आणि मग विसरतं. आई दाराच्या पलीकडे आहे हे कळल्यावर ते विसरत नाही. दिवसातून दहा वेळा दार वाजवतं. मी चहाला बाहेर आले की कडेवर येतं, आणि पाच मिनिटांनी मी परत आत गेले की आकांत सुरू. त्याला शांत करायची ती सगळी कसरत मावशींनी पुन्हा पहिल्यापासून करायची. मी मात्र 'दोन मिनिटं बाळाला भेटले' म्हणून खूश!

माझी मीटिंग असली की कुकर लावायचा नाही, कारण शिट्टी ऐकू जाते. टीव्ही नको, मोठ्यानं गाणी नकोत. मूल फारच चिडलं की मावशी भर उन्हात त्याला खाली घेऊन जात. शिवाय आता मी घरात, म्हणजे सांगणारं माणूस घरात. जरा मेथी निवडून ठेवता का? दारात कुरिअरवाला आलाय, बघता का? पाहुणे आलेत, चहा टाका. यातलं एकही काम ठरलेलं नव्हतं. आणि दुपारी मूल झोपलं की पूर्वी त्या पंधरा मिनिटं पाठ टेकत. आता मी घरात असताना टेकवेनात. जबाबदारी कमी झाली म्हणत होते मी. काम उलट वाढलं होतं.

एका रविवारी कागद घेऊन बसले. सव्वीस दिवस, रोजचे दहा तास, म्हणजे महिन्याचे दोनशे साठ तास. बारा हजाराला तासाचे सेहेचाळीस रुपये पडतात. मी म्हणत होते त्या नऊ हजाराला पस्तीसही नाहीत. आणखी एक गोष्ट त्याच कागदावर दिसली. आमच्या घरात मावशींचा पगार नेहमी माझ्या पगारातून वजा करून बघितला जायचा, 'तुझ्या हातात उरतं किती?' असं म्हणून. मूल दोघांचं, वजाबाकी मात्र एकटीची! हे नवऱ्याला बोलून दाखवलं. पटलं त्याला, पण वेळ लागला.

कायद्यात काही दर सापडतो का तेही पाहिलं. महाराष्ट्रात २००८ साली घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला. नोंदणी आणि कल्याणाच्या योजना हे त्याचं काम. पगार किती द्यावा हे तो सांगत नाही. त्याच्याही आधी, १९८० साली, याच पुण्यात घरकाम करणाऱ्या बायकांनी संप केला होता. मला उपयोगी पडला तो आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा २०११ सालचा १८९ क्रमांकाचा करार. भारतानं त्याच्या बाजूनं मत दिलं, मंजुरी मात्र अद्याप दिलेली नाही. त्यात एक मुद्दा असा, की ज्या वेळात कामगाराला स्वतःच्या मर्जीनं वागता येत नाही, हाक मारली की उठावं लागतं, तो वेळही, देशाचा कायदा ठरवील त्या प्रमाणात, कामाचाच धरावा. मी घरात आहे म्हणून मावशी मोकळ्या होत नव्हत्या. त्यांचे दहा तास बांधलेलेच होते, आणि ते मी बांधले होते.

मग आम्ही दोघी समोरासमोर बसलो. पगार साडेतेरा हजार ठरला. साडेसहानंतर थांबावं लागलं तर तासाला ऐंशी रुपये. घरून काम करणाऱ्याची मीटिंग कधी साडेसहाला संपत नाही, हे मावशींना माझ्याआधी कळलं होतं. आम्ही गावाला गेलो तर खाडा नाही. दिवाळीला एक पगार, आणि महिन्यातून दोन भरपगारी सुट्ट्या त्यांच्या मर्जीच्या. भाजी-चहाची कामं बंद. ही शेवटची अट मीच चार-दोनदा मोडली, ते कबूल करते. मावशींनीही एक अट घातली. "ताई, मधेमधे बाहेर येऊ नका. जेवायच्या वेळेलाच या." ते मला सगळ्यात जड गेलं.

सोसायटीतल्या दोघीजणी अजून माझ्यावर नाराज आहेत. 'तुम्ही दर वाढवून ठेवता, आम्हाला झेपत नाही,' म्हणतात. त्यातल्या एकीला खरोखरच झेपत नाही, हे मला ठाऊक आहे. तिला मी एवढंच सुचवलं, की पैसे कमी असतील तर तास कमी कर. तिनं आता मावशीला दुपारी दोनला सोडायचं ठरवलंय.

आमचा मुलगा आता शाळेत जायला लागलाय. सकाळचे चार तास तो घरात नसतो. मागच्या आठवड्यात मावशींनी आपणहून विषय काढला, "ताई, आता किती द्याल?" मी कागद घेतला, त्यांनी चष्मा लावला. शाळेतून फोन आला तर धावायचं कोणी आणि त्या चार तासांत त्यांनी दुसरं घर धरायचं की नाही, यावर अजून आमचं बोलणं चालू आहे.