बावन्न पानांची सफर

पत्ते ही वस्तू आपल्या समाजात फारशी प्रतिष्ठित नाही. ज्या घरी बुद्धिबळाचा पट दिवाणखान्यात मांडलेला असतो, त्याच घरी पत्त्यांचा जोड दिवाळीच्या सुटीपुरता बाहेर येतो आणि वडीलधाऱ्यांची चाहूल लागताच उशीखाली जातो. अशा वस्तूचा संग्रह करणारा मनुष्य, त्यातून सरकारी नोकर, थोडासा संशयास्पदच ठरावयाचा. “आपण खेळता तरी किती?” असे मला वारंवार विचारण्यात येते. मी जवळजवळ खेळत नाही. मी जमवितो ते जोड हॉटेलवाल्यांनी आणि आगगाडीच्या वा आगबोटीच्या कंपन्यांनी प्रवाशाला भुलविण्यासाठी छापून घेतलेले आहेत.

ही युक्ती मोठी धूर्तपणाची खरी. जाहिरातीचा कागद मनुष्य वाचून टाकून देतो, पण पत्ते तो तासन्‌तास हातात धरतो आणि घरी नेऊन पाहुण्यांपुढे ठेवतो. या जोडांच्या जाती दोन. पहिल्या जातीत केवळ पाठीवर संस्थेची मुद्रा असते. एअर इंडियाच्या, 1946 साली जन्मलेल्या महाराजाचे जोड या वर्गातले. दुसऱ्या जातीत दर्शनी बाजूवरच स्थळांची चित्रे असतात. माझे मन या दुसऱ्या जातीत अधिक रमते.

तिचा उत्तम नमुना म्हणजे फ्रेड हार्वी कंपनीचा ‘द ग्रेट साउथवेस्ट’ हा 1911 चा जोड. हार्वी मूळचा लंडनचा. अमेरिकेत आगगाडीच्या उतारूंना स्थानकावर कसेबसे अन्न मिळण्याचा तो काळ. 1876 मध्ये टोपीका येथील स्थानकावर त्याने सांता फे रेल्वेच्या उतारूंसाठी स्वच्छ खाणावळ काढली व पुढे त्या लोहमार्गावर खाणावळींची आणि हॉटेलांची मालिका उभी राहिली. तो 1901 मध्ये वारला; त्याच वर्षी रेल्वे ग्रँड कॅन्यनच्या कड्यापर्यंत पोचली, आणि 1905 च्या जानेवारीत अगदी कड्यावर ‘एल तोवार’ हे हॉटेल उघडले. अन्न विकता विकता कंपनी आता प्रदेशच विकू लागली होती.

या जोडात पानावर खेळापुरती खूण ठेवून बाकीची जागा छायाचित्राला दिलेली आहे. दऱ्या, कडे, प्वेब्लो लोकांची मातीची गावे, तेथील माणसे. पिसून वाटले की प्रत्येकाच्या हाती निराळीच सफर येते! परंतु सगळी पाने एकदम टेबलावर मांडली म्हणजे यजमानाचे मन दिसू लागते. पाहुण्याने काय पाहावे, हे त्याने अगोदरच ठरविलेले आहे. हॉटेलासमोरच, मेरी कोल्टर या शिल्पज्ञ बाईंनी रचलेले ‘होपी हाउस’ होते. होपी कारागीर तेथेच राहून पाहुण्यांदेखत काम करीत. विख्यात कुंभारीण नाम्पेयो 1905 मध्ये आणि पुन्हा 1907 मध्ये तेथे येऊन राहिली होती. ग्रँड कॅन्यनच्या परिसरात पिढ्यान्‌पिढ्या वावरणाऱ्या हावासुपाई लोकांना मात्र 1882 मध्ये सरकारने एका उपदरीतील 518 एकरांत कोंडले होते. त्यांची भूमी पुष्कळ अंशी परत मिळावयास 1975 साल उजाडले. ही वार्ता पत्त्यांवर कोण छापणार?

म्हणूनच असा जोड फोडणे मला पातक वाटते. कित्येक संग्राहकांना फक्त पाठीचे एक पान हवे असते, विक्रेत्यालाही सुटी पाने विकणे फायद्याचे पडते. मी एकाकडून मागविलेल्या जोडात नेमकी माणसांची 3 पाने नव्हती. ‘खेळण्यास अडचण येईल एवढेच’, असे त्याने कळविले. ती पाने गेल्याने मजजवळ उरला तो नुसता खडक.

वेष्टनही टाकू नये. अमेरिकेत 1894 पासून 1965 पर्यंत पत्त्यांवर केंद्र सरकारचा कर असे, आरंभी जोडामागे 2 सेंट. त्याचे तिकीट वेष्टनाला डकवीत आणि त्याच्या दरावरून जोडाचा काळ अजमावता येतो. ब्रिटनमध्ये असा कर 1960 पर्यंत होता. महसुलाचा हा चिकटपणा, माझ्या पेशामुळे असेल, मला मनापासून आवडतो.

मराठी श्रोत्याला ताडून पाहण्याजोगे उदाहरण सावंतवाडीचे आहे. मात्र तेथे क्रम उलटा. गंजिफा आधीची, प्रवासी नंतरचा. दशावतारी गंजिफेची हाताने रंगविलेली 120 गोल पाने. ही लोपत चाललेली कला शिवरामराजे भोसले व सत्वशीलादेवी यांनी 1970 नंतरच्या दशकात राजवाड्यातच पुन्हा उभी केली. आता त्या राजवाड्याच्या आवारात पाहुण्यांच्या मुक्कामाचीही सोय आहे आणि 2024 मध्ये या गंजिफेला भौगोलिक मानांकन मिळाले. विकत नेणाऱ्यांपैकी खेळता येणारे थोडे. तरीही चित्रकाराची बोटे चालू राहतात, हे मी लहानसे मानीत नाही.

आल्बुकर्क येथील हार्वी कंपनीचे ‘अल्वाराडो’ हॉटेल 1902 मध्ये उभे राहिले आणि 1970 मध्ये पाडण्यात आले. आपल्याकडेही रेल्वेत वा आगबोटीवर नोकरी केलेल्यांच्या जुन्या ट्रंकांत असले जोड पडून असतील. सापडल्यास पाने मोजावीत, जोकर आणि कोरे पानही त्यांतच राहू द्यावे, आणि मुलांना लाडीस खेळावयास दुसरा जोड आणून द्यावा.